३८ टक्के

घरच्या बिअरच्या स्पर्धेचा कागद काल आला. ५० पैकी १९. शेरा : रंग करडा, हॉप्सचा (बिअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) वास नाही, चव ओल्या पुठ्ठ्याची. हेझी आयपीएला, म्हणजे हॉप्सच्या वासावरच जगणाऱ्या गढूळ बिअरला, पुठ्ठा!

मामेसासरे सध्या आमच्याकडे न्यू जर्सीत मुक्कामाला आहेत. त्यांनी चष्मा चढवून हिशेब केला. "जावईबापू, ३८ टक्के! पस्तीसला सुटतो की. पेढे आणा."

पुठ्ठा कुठून आला, ते ऐका. यीस्टमध्ये खोट नव्हती. दीड लिटर पाण्यात दीडशे ग्रॅम सुका माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आलेल्या बार्लीचा अर्क) उकळून, गार करून यीस्ट वाढवायला स्टार्टर केला. १९ लिटर बिअर १९ अंशांवर आंबली. याहून फार तापली की डोकं धरायला लावणारी जड अल्कोहोलं होतात. साखर किती उरली ते सांगणारा हायड्रोमीटर एका आकड्यावर थांबला, तेव्हा १५ अंशांवर आणून १०० ग्रॅम सिट्रा, म्हणजे हॉप्सचीच एक जात, टाकलं. दोन-तीन दिवस बास. जास्त ठेवलं तर गवत चघळल्यासारखं लागतं. आणि पथ्य एकच, बादलीचं झाकण उघडायचं नाही. यीस्ट सुस्तावलेलं असतं, आत शिरलेला ऑक्सिजन खायला कोणी नसतं. तो थेट हॉप्सच्या वासावर आणि रंगावर उठतो.

मामांनी खाली जाऊन झाकण उघडलं. हिरवा चोथा तरंगताना दिसला. वर आले, आमटीचा डाव घेतला, खाली गेले आणि तळापासून ढवळलं.

"सगळं वर येऊन बसलं होतं. बुरशी धरली असती. लोणच्याची बरणी नाही का रोज हलवत?"

"मामा, हवा गेली ना आत!"

"मग? जिवंत आहे म्हणता ना ते यीस्ट? त्याला हवा नको?"

"यीस्ट टाकताना हवी. नंतर नाही."

"आधी हवी, नंतर नको! भारीच नखरे. आणि डाव धुवून घेतला होता हो मी. कोमट पाण्यानं."

इथे आम्ही लिटरला दीड मिलिलिटर सॅनिटायझर मोजून घालतो. असो.

ढवळण्याचं दुसरं झेंगट वेगळंच. हॉप्समधली एन्झाइमं उरलेल्या डेक्स्ट्रिनची, म्हणजे यीस्टला न पचलेल्या पिठूळ भागाची, साखर करतात आणि खालून उठवलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं. लोण्याचा वास येतो. घाईनं बाटल्या भरल्या तर आतल्या गॅसनं फुटतात. म्हणून परत १९ अंशांवर ठेवून, आकडा तीन दिवस हलत नाही हे पाहूनच फेसासाठी ११० ग्रॅम साखर घालून भरल्या. तेवढं वाचलं. हॉप्सचा वास काही परत आला नाही. सिट्रा फुकट मिळत नाही, पण हे पाहुण्यांना कोण सांगणार? माझ्या लॅपटॉपला या घरात कोणी बोट लावत नाही. बादली दिसली की मात्र प्रत्येकाला आपली वाटते.

रात्री मामा साताऱ्याला फोनवर सांगत होते, "जावयाची बिअर पास झाली, बरं का. नाही नाही, एकट्यानं कसली! ढवळायला मी होतो."