बिनमातीची शेती आणि नळातला दगड

आमच्या दारव्हा तालुक्यात माती ही काही दुर्मिळ वस्तू नाही. पावसाळ्यात तर ती चपलेला धरून थेट घरापर्यंत येते. अशा मुलखात मातीशिवाय भाजी पिकवायची म्हटल्यावर लोकांना शंका येणारच. अंगणात पत्र्याखाली चार इंची पांढरे पाइप आडवे लागले, त्यांना भोकं पडली, भोकांत जाळीचे पेले बसले. शेजारच्या काकू येऊन पाहून गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “काऊन वं, वावर इकलं का तुम्ही?”

हा उद्योग माझ्या पोराचा. तो अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकतो. सुट्टीत आला, पाइप जोडले, हवेचे बुडबुडे सोडणारा पंप लावला, माझ्या हातात मोजायची दोन यंत्रं (एक पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा मीटर, दुसरा पीएचचा, म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणारा) आणि खताचे तीन डबे दिले आणि सुट्टी संपताच निघून गेला. तेव्हापासून मेहनत माझी आणि शास्त्र त्याचं. शास्त्र फोनवरून येतं, तेही रेंज असली तर.

शास्त्र ऐकायला सोपं आहे. झाडाला माती लागत नाही, मातीतलं जेवण लागतं. ते मोजूनमापून पाण्यात विरघळवा आणि मुळं त्यात सोडा. कॅलिफोर्नियातल्या होगलंड आणि आर्नन या दोघांनी १९३८ सालीच याचं प्रमाण बांधून ठेवलं आहे. नत्र किती, पालाश किती, लोह किती, सगळं मिलिग्रॅममध्ये. फक्त हिशेबाची सुरुवात शुद्ध पाण्यापासून होते. त्यांना काय, त्यांच्याकडे आमचा नळ नव्हता.

आमच्याकडे नळ दिवसाआड येतात. टाकी भरली, क्षारांचा मीटर बुडवला. आकडा आला ७८०, म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम क्षार. खताचे डबे अजून उघडलेही नव्हते.

“आई, खत किती टाकलं तू?”

“टाकलंच नाही.”

“मीटर धुऊन घे.”

धुतला. ७८०.

“सेल बदलून पाहा.”

बदलले. ७८४.

मग त्याने समजावलं. हा मीटर पाण्यात काय आहे ते सांगत नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते तेवढं मोजतो आणि गुणाकार करून आकडा देतो. ७८० म्हणजे ईसी (पाण्याची वीज वाहून नेण्याची ताकद) साधारण दीडच्या वर, आणि माझ्या पाइपातल्या लेट्यूसला, म्हणजे सॅलडच्या पाल्याला, हवी ०.८ ते १.२. म्हणजे मीटरच्या मते माझ्या रोपांचं जेवण झालं होतं, आता फक्त सुपारी द्यायची बाकी होती. जेवणात होतं काय म्हणाल तर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट. स्फुरदाचा (फॉस्फरसचा) पत्ता नाही, पालाश नावाला. आमच्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड आहे. पावसाचं पाणी त्यातून आणि वरच्या चुनखडीतून झिरपतं, जाता जाता थोडाथोडा दगड सोबत घेतं आणि बोअरमधून टाकीत, टाकीतून नळात येतं. पाटावरवंटाही त्याच दगडाचा. एवढा खटाटोप करून माती घराबाहेर ठेवली, तर दगड पाइपातून पाहुण्यासारखा घरात.

यात ग्रामपंचायतीची चूक नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार ५०० पर्यंत चांगले आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतात. आमचं पाणी कागदोपत्री पिण्यालायक आहे. लेट्यूसने तो कागद वाचलेला नाही, एवढाच प्रश्न.

खरं म्हणजे पुरावे घरभर होते. बादलीला पांढरा काठ, पाणी तापवायच्या रॉडवर साल, आणि कूलर. विदर्भात राहून कूलर ज्याने खोलला नाही त्याला जड पाणी समजलंच नाही. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या वाजवल्या तर टणटण आवाज येतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. तुम्ही वरून पुन्हा नळाचं पाणी ओतता, त्यातले क्षार पुन्हा मागे राहतात. पाइपातल्या शेतीतही हेच चालतं. रोपं पाणी पितात, नको असलेला चुना ताटात टाकतात, आपण टाकी वर भरतो आणि दर भरणीला तो चुना वाढत जातो.

पण ७८० हा आकडा निदान प्रामाणिक होता. खरा छळ पीएचने केला. रोपांना हवा साडेपाच ते साडेसहा, नळाचा आठच्या वर. फोनवरून हुकूम आला, लिंबू पिळ. पिळलं. संध्याकाळी मीटर सहावर. मी समाधानाने झोपले. सकाळी साडेसात. पुन्हा लिंबू, पुन्हा सहा, पुन्हा सकाळी साडेसात. आमच्या घरात सरबत बंद झालं आणि टाकीला रोज मिळू लागलं. कारण असं की, पाण्यातलं बायकार्बोनेट आंबट दिसलं की आधी तेच खातं. त्यातून वायू निघतो, तो काही वेळ पाण्यात राहून मीटरला फसवतो आणि रात्रभर आपलाच पंप बुडबुडे सोडून त्याला बाहेर काढतो. उरलेला लिंबाचा आंबटपणा पाण्यातले जीवजंतू फस्त करतात आणि मुळांवर बुळबुळीत थर देऊन आभार मानतात.

एव्हाना लेट्यूसची नवी पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. गावात यावर बैठकच झाली. एक म्हणाले तुरटी फिरवा. तुरटीने गाळ बसतो, विरघळलेला दगड बसत नाही, हे त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, “आमचे आजोबा तुरटीच फिरवत.” आजोबांपुढे कोणाचं चाललं आहे? दुसऱ्यांनी पाणी उकळायला सांगितलं. उकळल्याने थोडा चुना भांड्याच्या बुडाला बसतो हे खरं, पण शंभर लिटर पाणी गॅसवर उकळून शेवटी हातात काय, तर दोन रुपयांचा सांबार, म्हणजे कोथिंबीर. यवतमाळच्या वहिनींनी त्यांच्याकडचं सॉफ्टनर सुचवलं. ते यंत्र कॅल्शियम काढून घेतं आणि बदल्यात सोडियम देतं. साबणाला फेस येतो, अंग मऊ होतं, रोपाला मात्र मिठाचं पाणी.

मिठाचं नाव निघालं आणि माझ्या आईने फोनवरच मला गप्प केलं. माझं माहेर दर्यापूरकडचं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीचं पाणी गुळणी करायलाही नको वाटतं. “तुले जड पानी म्हनजे काय माईत आहे वं? आमच्याकडे ये एकदा. आमचं पानी पाह्यलं तं तुह्या मीटरले घाम फुटन.” पाण्याच्या दुःखात माहेर नेहमीच वरचढ ठरतं.

अखेर उपयोगी पडले ते वरुडचे जवाई, माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते संत्र्याचे बागाईतदार. या बिनमातीच्या शेतीला हायड्रोपोनिक्स म्हणतात, पण तो शब्दही त्यांनी ऐकला नव्हता. पानाचा फोटो पाहून म्हणाले, “ताई, हे तं आमच्या संत्र्याचंच दुखनं आहे. लोह कमी पडून राह्यलं.” मी म्हटलं, लोह तर डब्यात आहे. “डब्यात आहे, पन चुन्यानं धरून ठेवलं असन. जमिनीत चुनखडी असली का आमच्याकडेबी झाड असंच पिवळं पडते.” पोराला विचारलं तर तोही तेच म्हणाला, फक्त इंग्रजी शब्द लावून आणि चौथ्या मिनिटाला. डब्यातलं लोह ईडीटीए नावाच्या रसायनाच्या पकडीत असतं आणि पीएच साडेसहाच्या वर गेला की ती पकड सुटायला लागते. ईडीडीएचए नावाचं दुसरं लोह चुन्यातही टिकतं. ते तांबडंलाल येतं, आणि माझा एक टॉवेल अजून त्याची साक्ष देतो.

लिंबाच्या जागी जवाईबापूंनी फॉस्फरिक ॲसिड सांगितलं. ठिबकचे ड्रीपर चुन्याने बुजले की बागाईतदार ॲसिड सोडून ते मोकळे करतातच. त्यांनी दोन गोष्टी मात्र दटावून सांगितल्या. हातमोजे घालायचे, आणि ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. आता पीएच सकाळीही जागेवर सापडतो. पण हे ॲसिडही भरमसाट चालत नाही. त्यातलं स्फुरद आणि पाण्यातलं कॅल्शियम एकमेकांना धरून पांढरा गाळ होऊन बुडाशी बसतात. म्हणून मुळात दगडच कमी करणं भाग होतं.

गावात पाच रुपयांचं नाणं टाकलं की वीस लिटर आरओचं पाणी देणारं यंत्र आहे. त्याचा आकडा ६०. एक भाग नळाचं आणि दोन भाग आरओचं मिसळलं की मीटर ३०० वर येतो आणि खताला जागा होते. नळाने आधीच दिलेलं कॅल्शियम हिशेबात धरून कॅल्शियम नायट्रेटचं खत कमी घालायचं, की झालं. लेट्यूस खरंच हिरवंगार झालं. संकट दुसरीकडून आलं. मी जारमागून जार टाकीत रिकामे करताना आमच्या ह्यांनी पाहिलं. हातातला पेला खाली ठेवून ते म्हणाले, “म्हनजे मानसं नळाचं पिऊन राह्यले अन् पाला आरओचं?” या वाक्यात खोटं काहीच नव्हतं, त्यामुळे मला उत्तर सुचलं नाही.

लेट्यूस कोणी खात नाही हा भाग वेगळाच. काकूंनी गड्डा नेला, बेसन लावून पातळभाजी केली आणि म्हणाल्या, “पानचट आहे, पन देवाले जाऊ दे.” पाइपात आता पालक आणि सांबार आहे.

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला. सगळं गाव पेरणीच्या गडबडीत आणि मी पत्र्याच्या वळचणीखाली ड्रम लावत उभी. पहिला धूळमिश्रित पाऊस जाऊ दिला, मग भरलं. मीटर बुडवला तर २४! मी तो आकडा ह्यांना दाखवला, काकूंना दाखवला, पोराला फोटो पाठवला. एवढ्यात सासूबाई आल्या, एक लोटी भरून नेली. त्यांना मीटर लागत नाही. आमच्या नळाच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, हे त्यांचं चाळीस वर्षांचं गाऱ्हाणं. त्या दिवशी वरण लोण्यासारखं घोटलं गेलं. दुपारी अंगणात गेले तर ड्रमवर झाकण, झाकणावर वरवंटा, आणि बाजूला खुर्ची टाकून सासूबाई.

“माय, रोपांसाठी ठेवलं होतं ते.”

“ठेव नं. डाळीचं काढून उरन ते तुह्या पाइपाचं.”

“किती उरन?”

“पाऊस किती पडते त्याच्यावर आहे.”