दोघांत एक मेणबत्ती

रोमँटिक हॉटेलात जेवायला जायचं ठरलंच असेल, तर आधी एक गैरसमज डोक्यातून काढून टाका. तिथे दोघांनी एकमेकांशी बोलायचं असतं, असं पुष्कळांना वाटतं. अजिबात नाही. लग्नाला दहा-बारा वर्षं झालेलं जोडपं समोरासमोर बसवायचं आणि दोन तास त्यांच्यावर बोलायची वेळ येऊ द्यायची नाही, ही मोठ्या कौशल्याची कामगिरी आहे. मेणबत्ती, गिटारवाला, जाडजूड मेनू, शेफने पाठवलेला चमचाभर काहीतरी पदार्थ, हे सगळं त्यासाठीच असतं. पैसे तुम्ही या सोयीचे मोजता. तेव्हा ती पुरेपूर वापरायला शिका.

सुरुवात बुकिंगपासून करा. फोनवर विचारतात, ‘काही स्पेशल ऑकेजन आहे का, सर?’ बेधडक ‘ॲनिव्हर्सरी’ म्हणून मोकळे व्हा. लग्नाचा दाखला कोणी मागत नाही. मग जेवण अर्ध्यावर आलं की चार वेटर, एक कॅप्टन आणि भांडी घासता घासता ओढून आणलेला एक पोरगा असे सहाजण टाळ्या वाजवत तळहाताएवढा केक घेऊन येतात. आपल्यासाठी टाळ्या वाजत असताना स्वतःच्या हातांचं काय करायचं हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून तुम्हीही वाजवा. बायको चकित होईल, कारण खरी तारीख तिला पाठ आहे. पण ‘अहो, आज कुठेय?’ हे ती सगळ्यांदेखत विचारणार नाही, गाडीत बसल्यावर विचारेल. म्हणजे परतीच्या वाटेचीही सोय झाली.

१४ फेब्रुवारीला मात्र जाऊ नका. त्या दिवशी बहुतेक ठिकाणी सेट मेनू असतो. निवडायला काही नाही, म्हणजे पहिली वीस मिनिटं उघडी पडली.

जागा निवडताना उजेड पाहा. ट्यूबलाइटखाली जेवण स्वस्त, पिवळ्या दिव्याखाली मध्यम, आणि ताटात काय वाढलंय ते दिसेनासं झालं की समजायचं, आपण योग्य ठिकाणी आलो. मेनू मोबाइलच्या टॉर्चवर वाचावा लागला तर उत्तमच. लोडशेडिंगच्या काळात दहावीचा अभ्यास केलेल्या पिढीला फार आपलंसं वाटतं.

मेनूकार्ड मराठी माणूस उजवीकडून डावीकडे वाचतो. आधी आकडा, मग पदार्थ. परदेशातल्या काही खानदानी हॉटेलांत बाईच्या हातात दर न छापलेला मेनू द्यायची रीत होती. पेरू देशात, लिमा शहरातल्या ‘ला रोझा नाउतिका’ने ती इतक्या निष्ठेने जपली होती, की २०१९ साली तिथल्या सरकारी ग्राहक यंत्रणेने भेदभाव केल्याबद्दल त्यांना दंड ठोठावला. इतक्या लांबचं प्रकरण करायची गरजच नव्हती. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला तसा मेनू दिला असता तर तिने तो मिटून बाजूला ठेवला असता आणि ‘तुमचं इकडे द्या’ म्हणाली असती. दर नसलेल्या मेनूत वाचायचं काय?

एक विषयांतर करतो. मुंबई-पुण्यातल्या जुन्या इराण्यांकडे ‘फॅमिली रूम’ असायची. लाकडी फळ्यांचा आडोसा, अर्धं झुलतं दार, आत संगमरवरी टेबल आणि दोन खुर्च्या. एका मस्कापावावर तास तास काढणारी पोरं-पोरी तिथे बसायची आणि पोऱ्या दर दहा मिनिटांनी ‘और कुछ?’ म्हणून दारावर थाप मारून जायचा. त्यांना बोलायला इतकं होतं, की बाहेर कोणी ओळखीचं आलंय का, हे पाहायचंही भान राहायचं नाही. म्हणूनच तिथे मेणबत्तीची गरज पडली नाही. वर एक ट्यूबलाइट, तीही फडफडणारी.

असो. तुम्हाला ते परवडणार नाही, तेव्हा पुण्यातल्या गार्डन हॉटेलकडे वळू. झाडांवर दिव्यांच्या माळा, टेबलावर मेणबत्ती, टेबलाखाली डासांची कॉइल. रोमान्सला वरून उजेड आणि खालून धूर, दोन्ही मिळतात. इथे ‘वन बाय टू’ मंचाव सूप मागवा. एका वाटीचं सूप दोघांत वाटून पिण्याइतकी जवळीक जगात दुसरीकडे कुठे नसेल, आणि त्यात सत्तर-ऐंशी रुपये वाचतात. नंतर सिझलर घ्या. तो आला की पाच मिनिटं समोरचा माणूस दिसत नाही आणि चर्र आवाजात ऐकूही येत नाही. कपड्यांचा वास दुसऱ्या धुण्याला जातो, पण काम होतं.

गोव्याला जाणार असाल तर ऑक्टोबर ते मे. पावसाळ्याआधी किनाऱ्यावरचे शॅक उतरवतात. वाळूत टेबल, काचेच्या चिमणीतही विझणारी मेणबत्ती, पायाशी दोन कुत्री, आणि वेटर ताटात मांडून आणतो तो दिवसाचा ताजा मासा. इस्वण, पापलेट, चणक, जो हवा तो दाखवा. इथे एक धोका आहे. बायको कोकणातली असेल तर ती गालाला हात लावून समुद्राकडे बघत बसणार नाही. ती कल्ला उघडून बघेल, पोटाला बोट लावेल, मग शांतपणे म्हणेल, ‘हा कालचा आहे.’ त्यावर वेटर, मालक आणि ती यांच्यात जी चर्चा रंगते, तिच्यात तुम्हाला काही स्थान नसतं. गप्प बसून सूर्यास्त बघा. मासा शेवटी चांगला मिळतो.

पण सोय म्हणजे काय हे खरं पाहायचं, तर पॅरिस.

तिथली बरीचशी स्वयंपाकघरं संध्याकाळी सात-साडेसाताशिवाय पेटत नाहीत, आणि तुम्ही सहा वाजता दारात हजर असता, कारण सकाळचा नाश्ता ‘पॅकेजमध्ये होता’ म्हणून तो सोडून काही खाल्लेलं नसतं. हा तासभर ‘किती छान शहर आहे ना’ यावर निघतो. मग टेबल मिळतं. दोन टेबलांत अंतर वीतभर. शेजाऱ्याच्या ताटाविषयी मराठीत मोकळेपणी मत देण्याआधी थांबा. तो नाशिकचा निघू शकतो.

मेनू फ्रेंचमध्ये. म्हणजे अर्धा तास निश्चित. मोबाइल कार्डावर धरून भाषांतर करत बसा आणि जो पदार्थ ओळखीचा वाटेल त्याला आधी घाबरा. कांद्याचं सूप म्हटलं की आपल्याला शाकाहाराची खात्री पटते, पण ते पारंपरिक पद्धतीने बीफच्या रश्शात करतात. स्टेक टार्टार म्हणजे शिजवायचं राहून गेलेलं नव्हे, कच्चंच द्यायचं असलेलं मांस. परत पाठवून ‘वेल डन’ करून मागू नका. गोगलगायी मात्र जरूर घ्या. लसणाच्या बटरमध्ये न्हालेल्या, सोबत चिमटा आणि इवलासा काटा. ज्याने मालवणात तिसऱ्या चोखून खाल्ल्या आहेत, त्याने तो चिमटा सरळ बाजूला ठेवावा आणि फ्रेंचांना धडा द्यावा.

पाणी मागताना ‘कराफ दो’ म्हणा. नळाचं पाणी सुरईत भरून देतात, फुकट. पावही फुकट. फुकट ते पौष्टिक, या न्यायाने पहिली टोपली संपवून दुसरी मागवा. बाकी सगळ्याला मनातल्या मनात शंभराने गुणा. रुपयाने इतकं घसरून निदान एक केलं, युरोचा हिशेब तोंडी करता येतो. ‘किती झालं?’ ती विचारेल. ‘तू जेव,’ तुम्ही म्हणा. जगातल्या कुठल्याही भाषेत नवऱ्याने बायकोला म्हटलेलं याहून प्रेमळ वाक्य मला सुचत नाही.

आता कळीचा मुद्दा. तिथला वेटर मागितल्याशिवाय बिल आणत नाही, आणणं असभ्य समजतात. आपल्याकडे बडीशेपची वाटी आली की उठायची वेळ झाली हे शहाण्याला कळतं. तिथे बडीशेप नाही. त्यामुळे तुम्ही वाट बघत बसता, तो लांबून बघत राहतो. पाऊण तास जातो. तुम्हाला वाटतं, हा विसरला. त्याला वाटतं, काय प्रेम आहे दोघांचं, उठवत नाही त्यांना.

खिसा खोल असेल तर सीन नदीकाठच्या ‘ला तूर दार्जां’मध्ये बदक खा. त्या बदकांना १८९० पासून नंबर देतात. २००३ साली आकडा दहा लाखांवर गेला. तुमच्या बदकाच्या नंबराचं कार्ड तुम्हाला मिळतं. ते लॅमिनेट करून शोकेसमध्ये ठेवलंत की पुढची दहा वर्षं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर बोलायला विषय मिळाला.

ग्रूप टूरने गेला असाल तर काहीच चिंता नाही. पासाज ब्राडी नावाच्या काचेच्या छताच्या जुन्या गल्लीत भारतीय हॉटेलं आहेत, डाळ आणि जिरा राइस मिळतो. परतल्यावर ‘पॅरिसचं जेवण कसं होतं?’ या प्रश्नाला ‘मीठ जरा कमी’ असं आत्मविश्वासाने सांगता येतं. जेवून आयफेल मनोऱ्याकडे या. अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं तो लुकलुकतो. ती पाच मिनिटं सगळी प्रेमी युगुलं त्याच्याकडे पाठ करून उभी असतात, कारण सेल्फीत तो मागे यायला हवा.

व्हेनिसला सेंट मार्क्स चौकात ‘फ्लोरियान’ आहे, १७२० पासूनचं. बाहेरच्या टेबलावर बसलात आणि वाद्यवृंद वाजत असला, तर माणशी संगीताचे काही युरो बिलात वेगळे लागतात. कॉफी निराळी. लोकांना हे अन्यायाचं वाटतं. मला नाही वाटत. चौकात उभं राहून तेच संगीत फुकट ऐकणारे पन्नास-शंभर लोक तुमच्याकडे ‘हे बघा, बसलेत’ अशा नजरेने पाहत असतात, आणि त्यांनी तसं पाहावं याचेच ते पैसे. वाद्यवृंद सुरू असताना बोलणं बरं दिसत नाही, हा वरचा फायदा. इटलीत इतरत्रही ‘कोपेर्तो’ म्हणून टेबलाचे पैसे लावतात. नुसतं बसल्याचे. उभ्याने काउंटरवर कॉफी प्यायली तर स्वस्त पडते, पण गुडघे टेकून प्रपोज करायला तिथे जागा नसते.

दुबईत बुर्ज खलिफाच्या १२२व्या मजल्यावर जेवता येतं. तिथून सगळी दुबई दिसते, फक्त बुर्ज खलिफा तेवढा दिसत नाही. सिंगापूरला मेनूतल्या दरापुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर ती छपाईची चूक समजू नका. एक दहा टक्के सेवेचं, दुसरं नऊ टक्के कराचं. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवर गोठलेलं आहे. बाकीचा पगार तुम्ही द्यायचा. शेवटचा घास तोंडात असतानाच हसतमुख मुलगी बिल आणते आणि यंत्राच्या पडद्यावर १८, २० की २५ टक्के असं विचारून तुमच्याकडे बघत उभी राहते. एवढी नजरानजर त्या संध्याकाळी तुमची बायकोशीही झालेली नसते.

मायदेशी परतलात की बिल नीट वाचायची सवय ठेवा. साध्या हॉटेलात जीएसटी पाच टक्के. पण जे हॉटेल राहायच्या खोलीला दिवसाला साडेसात हजारांहून जास्त घेतं, त्याच्या आवारात जेवलात तर १८ टक्के. म्हणजे वरच्या मजल्यावर कोणीतरी महागात झोपतं आणि त्याचा कर तुमच्या पनीरवर बसतो. त्यावर वाद घालू नका, तो सरकारचा आहे.

वाद घालायचा तो सर्व्हिस चार्जवर. दहा टक्के, गुपचूप, बिलाच्या मधोमध, अंधारात दिसू नये इतक्या बारीक अक्षरात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच मार्गदर्शक सूचना काढल्या, की तो बिलात आपोआप लावता येणार नाही, द्यायचा की नाही ते ग्राहकाने ठरवायचं. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना उचलून धरल्या.

हे सगळं पाठ करून जा आणि मग काय होतं ते पाहा. दोन तास टेबलाच्या दोन बाजूंना गप्प बसलेली माणसं एकदम एका बाजूला येतात. तिने मोबाइलचा टॉर्च बिलावर धरलेला असतो, तुम्ही ओळीवर बोट ठेवलेलं असतं. डोकी एकमेकांना लागतात. ‘मॅनेजरला बोलवा,’ ती म्हणते, आणि आवाजात अशी धार असते की कॉलेजातल्या निवडणुकीनंतर तुम्ही ती ऐकलेली नसते. तुम्ही तारीख सांगता, ती प्राधिकरणाचं पूर्ण नाव सांगते. तो ‘मॅडम, ही आमची पॉलिसी आहे’ म्हणतो, आणि ती तुमचा दंड धरून हळूच म्हणते, ‘अहो, सोडायचं नाही हं.’ तुम्ही १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर त्याच्यासमोर लावायला घेता. तो बिल बदलून आणतो. तुम्ही दोघं जिन्यावरून उतरताना अजून बोलत असता, एकाच वेळी, एकमेकांची वाक्यं पुरी करत.

तेव्हा पुढच्या वेळी टेबल बुक करताना गच्चीचं हवं का, खिडकीचं हवं का, या भानगडीत पडू नका. एवढंच विचारा, ‘तुम्ही सर्व्हिस चार्ज लावता ना?’ नाही म्हणाले तर दुसरं हॉटेल बघा.