पाणी उतरलं

आमच्याकडे कोयतीला धार लावायची म्हणजे विहिरीजवळच्या दगडी दोणीच्या काठावर, पाणी शिंपत शिंपत घासायची. अर्धा तास जातो, पण तेवढ्यात वाडीतल्या चार भानगडी कळतात. मला तो अर्धा तास जड झाला आणि मी कणकवलीहून ग्राइंडर आणला. मिनिटाला २,८०० फेरे!

पहिला बळी बाबांची कोयती. ट्रकच्या कमानपाट्याची, लोहाराने घडवून पाणी दिलेली, म्हणजे तापवून, बुडवून कडक केलेली. चाकाला टेकवली मात्र, भुईनळ्यासारखी पांढरी फुलं उडाली. पातं आधी आंब्याच्या साठासारखं पिवळं, मग कोकमासारखं जांभळं आणि शेवटी निळंशार झालं. मला वाटलं, पॉलिश चढतंय.

बाबांनी तेल लावून एक फणस फोडला. धार वळली. लोहारकाकांनी लांबूनच निदान केलं, "मेल्या, कोयतीचां पाणी उतारलां मा!"

उतरलं ते माझंही. साधं कार्बन पोलाद आमच्या आत्याच्या स्वभावाचं. २२० अंशांना पिवळं पडतं, ३०० च्या आसपास निळं, आणि निळं झालं की धार मऊ पडली समजायचं. ते रंग म्हणजे ऑक्साइडचा पापुद्रा. त्यात धार पातळ, म्हणून तापते तीच आधी. दोणीवरचं पाणी काय करत होतं, ते तेव्हा डोक्यात शिरलं. (भानगडी फुकट होत्या, हे वेगळं.)

मग मी बादली घेऊन बसलो. टेकव, बुडव, टेकव, बुडव. याच उत्साहात शेजारच्या सुतारदादांचं ड्रिलचं पातं घेतलं. ते हाय-स्पीड स्टील. ठिणग्या मंद, तांबूस, मोजक्या. टोक लालबुंद झालं तसा मी घाबरून बादलीत खुपसलं. टच्! टोकाला बारीक भेग.

दादा शांतपणे म्हणाले, "अरे, त्यात टंगस्टन, मॉलिब्डेनम असतं. ६०० अंशांपर्यंत ते टिकून राहतं. निळं झालं तर होऊंदे. तापल्यावर पाण्यात घालू नको, वाऱ्यावर निवू दे."

म्हणजे एकाला घडोघडी पाणी पाजायचं आणि दुसऱ्याला तापल्यावर दाखवायचंसुद्धा नाही! पंगतीत सोवळं सांभाळणं याहून सोपं.

आता ग्राइंडरवर पोतं टाकलंय. सकाळी बांगडे आले, तर आईचा आडाळो (विळी हो!) कुठे सापडेना. शेवटी तांदळाच्या पिंपात निघाला. मी हात पुढे केला, तर आईने तो पदराआड घेतला.