ऑइल हीटरला पान्हा लावण्याआधी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या नात्यागोत्यात यंदा एक संदेश सगळ्यांच्या फोनवर येऊन गेलाय: ‘थंडीआधी ऑइल हीटरची देखभाल घरीच करा.’ ऑइल हीटर म्हणजे आत तेल भरलेला, विजेवर तापणारा पट्ट्यापट्ट्यांचा हीटर. संदेशाचं सार असं: चौकोनी किल्ली आणून हीटरमधली हवा काढा, दरवर्षी तेल भरा, बुचाला टेफ्लॉन टेप गुंडाळा, बिल निम्मं येईल, शिवाय हा हीटर खोलीतला प्राणवायू खात नाही. यातलं शेवटचं तेवढं खरं.

आधी हवेचं. हा सल्ला विलायतेतल्या रेडिएटरचा, पत्ता चुकून ग्वाल्हेरला आलाय. तिकडे घरात एक बॉयलर असतो आणि त्यातलं गरम पाणी पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं. आत हवा अडकली की रेडिएटर खाली गरम आणि वर गारढोण. मग वरच्या कोपऱ्यातली झडप त्या साधारण ५ मिमीच्या किल्लीने पाव ते अर्धा फेरा सैल करायची, फुस्स आवाज थांबून पाणी ठिबकलं की लगेच आवळायची, आणि बॉयलरचा दाब उतरला नाही ना ते पाहायचं. थंड असताना तो १ ते १.५ बार असला म्हणजे झालं. टेफ्लॉन टेपही तिथलीच, पाइपांच्या आट्यांवर गुंडाळायची. रेडिएटर उलट खालून गार राहिला, तर किल्ली तिथेही कामाची नाही. तळाशी गंजाचा काळा गाळ बसलेला असतो.

आपल्या हीटरमध्ये पाणीच नाही. कारखान्यात मोजून तेल भरतात आणि तो कायमचा बंद करतात. वर जी थोडी जागा रिकामी असते ती मुद्दाम सोडलेली, कारण तापलं की तेल फुगतं. सुरू केल्यावर टकटक, गुडगुड होते ती तापत्या पत्र्याची आणि तेलाची. तीच ऐकून आमच्या शेजारच्या काकांनी गेल्या जानेवारीत पान्हा लावला. बूच हललं, तेल फरशीवर. काका ते भरून काढायला गोडेतेलाचा डबा घेऊन बसले होते. काकू वेळेवर आल्या.

दरवर्षी तेल भरायचा प्रश्नच येत नाही, कारण ते जळत नाही. कमी झालं असेल तर गळतंय, आणि गळका हीटर वापरायचा नाही, सर्व्हिस सेंटरला न्यायचा. वरून तेल ओतलंत तर फुगायला सोडलेली जागाच संपेल.

बिलाबद्दल: ११ पट्ट्यांचा हीटर बहुधा २५०० वॉटचा असतो, म्हणजे सलग तासभर तापला की २.५ युनिट. लाल सळईच्या हीटरनेही तेवढ्या विजेत तेवढीच उष्णता मिळते. तेल उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, एवढाच फरक. थर्मोस्टॅट पूर्ण फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, हीटर उशिरा बंद होतो. पैसे वाचवायचे तर दाराखालच्या फटीला जुनी सतरंजी लावा.

संदेशात जे नाही ते जास्त महत्त्वाचं. २५०० वॉट म्हणजे जवळजवळ ११ अँपिअर. जुन्या वाड्यांतल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा मोबाइल चार्ज करायच्या एक्स्टेन्शन बोर्डावर हे ओझं टाकू नये. आमच्याकडे एक बोर्ड असाच वितळला, वास आला म्हणून कळलं. १६ अँपिअरचं सॉकेट आणि अर्थिंग मिस्त्रीकडून तपासून घ्या. हीटर उभाच ठेवायचा, आणि त्यावर ओले मोजे वाळत घालायचे नाहीत, आजींनी कितीही सांगितलं तरी.

प्राणवायूचं खरं, हीटरमध्ये काही जळत नाही. पण तेच वाचून कुणी बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही.

देखभालीला लागतं ते कोरडं फडकं आणि पट्ट्यांमधली धूळ काढायला मऊ ब्रश, तेही प्लग काढून, हीटर गार झाल्यावर. किल्ली मागवून झालीच असेल, तर जर्मनीतल्या भाच्याला पाठवून द्या.