आंग मन्हं, सही त्यासनी?

आज सकाळी ओळखीतल्या एका मुलीबरोबर दवाखान्यात गेले होते. वय 26, पदरात दोन लेकरे, नवरा सुरतेला कापडाच्या मागावर कामाला, आणि तिसऱ्यांदा दिवस गेलेले. आठवा आठवडा चालू आहे. तिला हे बाळंतपण नको आहे, गर्भपात करून घ्यायचा आहे. तपासणी झाली आणि खिडकीवरच्या माणसाने तिच्याकडे न बघता मला विचारले, "मिस्टर कुठे आहेत? त्यांची सही लागेल." ती माझ्या शेजारीच उभी होती.

मला तिथेच माझी आक्का दिसू लागली. 1993 साली अमळनेरला आक्काही अशीच उभी होती, आणि तिचाही नवरा सुरतेलाच होता. तिसरे मूल दहा महिन्यांचे, अंगात रक्त नाही, दहावा आठवडा. डॉक्टरांनी सही मागितली. तार केली, पत्र टाकले. भाऊजींना सुट्टी मिळून ते गाडीने उतरेपर्यंत तीन आठवडे गेले. तेव्हाच्या कायद्यात बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरे, त्यापुढे दोघांचे लागे. म्हणजे जी सही कायद्याने मागितलीच नव्हती, तिची वाट पाहण्यात कायद्याने दिलेली सोपी मुदत निघून गेली. मग जळगाव, मग रक्ताच्या बाटल्या.

1971 च्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला तिची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही. पालकाची सही अठराच्या आतल्या मुलीला किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीला लागते. म्हणजे दोन लेकरांच्या आईला आपण अजाण मुलीच्या रांगेत बसवतो. 2021 च्या दुरुस्तीने तिचे नाव गुप्त राखणे डॉक्टरांवर बंधनकारक केले आहे आणि ते फोडले तर वर्षापर्यंत कैद आहे. असे असताना दवाखानाच तिला सांगतो की आधी घरी सांगून ये. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनलाही केंद्राच्या सूचनांप्रमाणे जोडीदाराची संमती लागत नाही. बायकोची सही आणा म्हणून नसबंदीच्या टेबलावरून परत पाठवलेला एक तरी पुरुष तुम्ही पाहिला आहे का?

डॉक्टरांना नातेवाइकांच्या मारहाणीची भीती असते, हे मान्य आहे. पण त्या भीतीची किंमत बाईच्या आठवड्यांनी का चुकवायची?

कोणी म्हणेल, आपल्या जळगाव जिल्ह्यात जपून वागलेलेच बरे. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे येथे साडेआठशेही मुली नव्हत्या, ही लाज मलाही आहे. मात्र मुलगी आहे म्हणून पोट पाडणाऱ्या घरात नवऱ्याची सही सर्वांत आधी तयार असते. ही अट त्या घराला अडवत नाही. अडवते ती माझ्या आक्काला.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला, कारण भाऊजींचा चेहरा आठवला. ते वाईट नव्हते. स्टेशनवरून थेट दवाखान्यात आले आणि सही करताना त्यांचा हात थरथरत होता. उशीर त्यांनी केला नाही, त्यांच्यावर तो लादला गेला. आक्काही त्यांच्यावर कधी चिडली नाही. जळगावच्या वॉर्डात सलाईन लावलेला हात छातीवर ठेवून तिने मला एवढेच विचारले होते, "आंग मन्हं, मंग सही त्यासनी काब्र?" अंग माझं, मग सही त्यांची का? मी तेव्हा बी.एड. करत होते, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आज त्या खिडकीवरही मला नीट बोलता आले नाही, कारण पोरगी माझा पदर ओढत होती. गावात बोभाटा होईल याची तिला धास्ती. बसमध्ये तिने केसपेपरची घडी घालून पिशवीत तळाशी ठेवली आणि म्हणाली, "मावशी, त्यासले दिवाळीशिवाय सुट्टी नही." दिवाळीला अजून दोन महिने आहेत. उद्या आम्ही पुन्हा जाणार आहोत. कायद्यातल्या त्या कलमाची आणि संमतीच्या नमुन्याची प्रत मी आताच काढून ठेवली आहे. सज्ञान बाईसाठी त्यावर सहीची जागा एकच आहे, तिची स्वतःची.