मागे घेतलेली फाइल

मोठ्या मामांच्या नातवाच्या मुंजीची पंगत सांगलीत बसली तेव्हा आमच्याकडे कॅनडात, ब्रॅम्प्टनला पहाटेचे साडेतीन वाजले होते. भाच्यानं फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला होता. मला अर्धी पंगत आणि पंख्याचं एक पातं दिसत होतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. मामा म्हणत होते, “लातूरच्या जिल्हा परिषदेनं बरोबर केलं. आईबापाला बघत नाही? काप 30 टक्के पगार, टाक म्हाताऱ्यांच्या खात्यावर. पण ह्या परदेशातल्यांचा पगार कोण कापणार?” मग माझ्यावर घसरले. “ह्यानं तर लावलेला अर्ज काढून घेतला. लोक केस काढून घेतात, ह्यानं आई काढून घेतली.”

हशा झाला. आई म्हणाली, “मीच नको म्हटलं त्याला. जिलबी वाढा.”

मामा वयानं मोठे, भर पंगतीत काय बोलणार? पण तेव्हापासून इथल्या 410 हायवेवर गाडी चालवताना मी त्यांना उत्तरं देतोय. त्यातलं थोडं इथं लिहितो.

पहिलं म्हणजे, मामा, ज्याला तुम्ही ‘अर्ज’ म्हणता, आईला कायमची कॅनडात आणण्याचा, तो लावायलाच नशीब लागतं. 2019 च्या जानेवारीत आईवडिलांना बोलावण्याचा ऑनलाइन फॉर्म दुपारी बाराला उघडला आणि अकरा मिनिटांच्या आत बंद झाला. तत्काळ तिकिटाची सवय असलेला माणूस मी, तरी पत्त्याच्या रकान्यातच अडकलो. त्याच ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आईला शेजाऱ्यांनी दुसऱ्या मजल्यावर नेलं आणि दोन दिवस तिचा फोन लागला नाही. तेव्हाच ठरवलं, हिला आणायचं. 2020 च्या शरदात पुन्हा नाव टाकलं. नंतर त्याच ढिगातून वर्षानुवर्षं चिठ्ठ्या काढत राहिले, माझी 2022 च्या ऑक्टोबरात निघाली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ज्यांची निघाली नव्हती ते माझ्याशी जरा तुटक बोलायचे.

दुसरं, आईबापांना सांभाळण्याचा तुमचा तो 2007 चा कायदा. मुलगा बघत नसेल तर आईबापांनी प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात जायचं आणि फार तर महिना 10,000 रुपये मिळवायचे. त्यात सांगलीच्या विश्रामबागेत रात्री सांभाळायला बाई तरी मिळते का? शिवाय किती आया प्रांतासमोर उभं राहून पोराचं नाव घेतील? इथं आधी सही मागतात. तीन वर्षांच्या आयकराचे कागद दाखवा, त्यात आईसकट सगळ्यांचं भागेल एवढं उत्पन्न दिसू द्या, आणि मग लिहून द्या की ही बाई पर्मनंट रेसिडंट, म्हणजे इथली कायमची रहिवासी, झाल्या दिवसापासून 20 वर्षं हिचा भार माझ्यावर. पूर्वी दहा होती, 2014 पासून वीस केली. क्विबेकमध्ये अजून दहाच आहेत, पण सांगलीच्या बाईला फ्रेंच शेजार द्यायचा का? या मुदतीत तिनं सरकारी मदत घेतली तर एकूणएक डॉलर मी फेडायचा. नोकरी गेली, घटस्फोट झाला, दिवाळं निघालं, तरी सही कायम. याच कराराखाली दबलेले आठ जण भांडत इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, तो मावी खटला. 2011 साली न्यायालयानं सांगितलं की सवड द्या, म्हणणं ऐकून घ्या, पण कर्ज माफ नाही.

सुटायला एकच फट असते. आई पर्मनंट रेसिडंट होण्याच्या आत केव्हाही कळवायचं, मी मागे घेतो. कारण द्यावं लागत नाही. त्यानंतर मात्र दार बंद. म्हणजे मामा, जो माणूस वेळेच्या आत मागे घेतो तो निदान शब्द मोडून पळालेला नसतो. तुमच्याकडे मुलगा ‘मी आहे ना’ म्हणतो, त्यावर ना तारीख असते ना मुदत. धाकट्या मामांना शेवटची दोन वर्षं कोणी बघितलं, हे मी पंगतीत विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

इथवरचं सगळं मी गाडीत फार जोरात बोलतो. पुढचं बोलत नाही.

2024 च्या फेब्रुवारीत आमची अख्खी टीम काढली. साडेनऊची मीटिंग, पावणेदहाला लॅपटॉप बंद. त्याच आठवड्यात आईच्या वैद्यकीय तपासणीचा निरोप आला. पोलिस क्लिअरन्सचं तिनं आधीच उरकलं होतं. हवालदार घरी येऊन गेला ते तिनं गल्लीभर सांगितलं होतं, कॅनडाला चाललेय म्हणून आला होता, उगाच नाही. तिचं वय तेव्हा 71. वीस मिळवले की 91. मोरगेज, धाकटीची ब्रेसेस, बायकोची अर्धवेळ नोकरी, आणि मी बेसमेंटमध्ये बसून ही बेरीज करत होतो. आई किती जगेल याचा हिशोब मी एक्सेलमध्ये मांडला. तो तक्ता नंतर पुसून टाकला, पण मांडला होता.

मंगळवारी रात्री वेबफॉर्म भरला. चार ओळी लागल्या.

घरात जी गोष्ट सांगितली जाते तिच्यात आई आधी ‘नको’ म्हणते आणि मग मी अर्ज मागे घेतो. खरं तर ती शनिवारी म्हणाली. शनिवारच्या फोनवर मी नोकरीचं सांगितलं, अर्जाचं सांगायला तोंड उघडत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, “अरे, पाच वर्षांतली दोन वर्षं तिथं राहावं लागतं म्हणतोस, मला कुठं जमायचंय? इथं गौरी कोण बसवणार? राहू दे ते.” मी म्हणालो, “बघ बाई, तुझी इच्छा.” असं म्हणालो मी. चार दिवस आधी बटण दाबलेला माणूस.

तिला कळलं होतं का? माझी बायको म्हणते, कळलं असणार. मी विचारलेलं नाही.

मेमध्ये 515 डॉलर परत आले. प्रोसेसिंगची फी त्यांनी ठेवून घेतली. परत आली ती ‘राइट ऑफ पर्मनंट रेसिडन्स’ची, कायम राहण्याच्या हक्काची. हक्क वापरला नाही, घ्या पैसे. माझ्याच कार्डवर आले. त्या महिन्यात ते कॉस्टकोच्या किराण्यात आणि हायड्रोच्या, म्हणजे विजेच्या बिलात गेले.

आता नोकरी आहे, पहिलीपेक्षा बरी. सुपर व्हिसा, म्हणजे आईवडिलांसाठीचा पाहुण्यांचा व्हिसा, काढू म्हणतोय. एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहता येतं, एक लाख डॉलरचा आरोग्यविमा लागतो, आणि मधुमेह असलेल्या बाईचा हप्ता बघून डोळे पांढरे होतात. पण त्यात वीस वर्षांची सही नाही. पाहुणी म्हणून येईल, पाहुणी म्हणून जाईल. मामांना हे सांगितलं तर म्हणतील, आईला पाहुणी केलीस. या एका मुद्द्यावर गाडीतही मला अजून उत्तर सुचलेलं नाही. मी स्वतः इथं सतरा वर्षं आहे, सिटिझनशिपची शपथ घेतली आहे, आणि सांगलीला गेलो की आईच मला विचारते, “किती दिवस आहेस?”

तिच्या पासपोर्टची मुदत संपत आली आहे. नवा काढू का, असं तिनं परवाच्या रविवारी विचारलं. काढ म्हटलं. कशासाठी, हे तिनं विचारलं नाही.