नकाशा बरोबर होता

सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर एकाने फॉरवर्ड टाकलं. फिनलंड, पोलंड आणि एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया या तिन्ही बाल्टिक देशांनी भूसुरुंगबंदीचा करार सोडला. खाली स्वतःची भर, 'शेवटी युरोपला अक्कल आली.' त्यावर सात अंगठे. माझा चहा तसाच राहिला.

माझे मामा फौजेत होते. संसदेवरच्या हल्ल्यानंतर पश्चिम सीमेवर सुरुंग पेरले गेले. युद्ध काही झालं नाही, मग 2002 मध्ये ते काढायची वेळ आली. काढताना मामांचा डावा पाय घोट्यापासून गेला. हातात नकाशा होता, आपल्याच माणसांनी आखलेला. मामा एवढंच म्हणतात, "नकाशा बरोबर हुता गं. वाळू हलली."

म्हणून 'आम्ही जबाबदारीने पेरू, नोंद ठेवू' असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. भूसुरुंगबंदीचा हा 1997 चा ओटावा करार काही भाबडेपणातून झाला नव्हता. अंगोलात, कंबोडियात लढाई थांबल्यावरही सरपणाला गेलेल्या बायकांचे, गुरं राखणाऱ्या पोरांचे पाय जात होते. शिपाई कोण आणि पोर कोण, हे ओळखूनच शस्त्र चालवायचं, यावर तर युद्धाचा सगळा कायदा उभा आहे. सुरुंगाला ते कसं कळणार? वर हे देश सांगतात, मानवतावादी कायद्याशी, म्हणजे युद्धाच्या याच कायद्याशी, आमची बांधिलकी कायम आहे. म्हणजे उपास चालूच आहे, फक्त मिसळ खातोय!

हो, माहितीये. रशियाने सही कधी केलीच नाही आणि युक्रेनच्या शेतांत सुरुंग भरून ठेवलेत. फिनलंडची 1300 किलोमीटरहून लांब सीमा त्याच रशियाला लागून आहे. सही आपलीही नाही, चीन, पाकिस्तान, अमेरिकेचीही नाही. मग मी कुठल्या तोंडाने बोलतेय? बोलतेय तरी. शेजारी गुणी असताना करार कुणीही पाळेल.

चिडून मामांनाच फोन लावला. वाटलं, ते तरी माझ्या बाजूने बोलतील.

"दारात वाघ आल्यावर तूबी पेरशील," म्हणाले.

मी गप्प. जरा वेळाने तेच म्हणाले, "पर काढाय कुणाला धाडणार, ते इचार त्यास्नी."

ग्रुपवर तेवढंच टाइप केलं. मग खोडलं.

मामा अजून स्वतःच्या रानातसुद्धा बांधावर पाय टाकायच्या आधी काठी टेकवून बघतात. मामी पूर्वी हसायची. आता ती थांबते, त्यांची काठी पुढे जाईपर्यंत.